चंद्र कापायला शिकताना

हळद शिजायला लागली की आमच्याकडे आधी वास येतो, वाफ मागून दिसते. ओल्या मातीचा, उकडलेल्या कंदाचा, जरासा कडवट वास. एकदा कपड्यांत शिरला की पाडव्यापर्यंत निघत नाही. यंदाही आखाडा बाळापूरच्या शिवारात फाल्गुनाच्या तोंडावर तो आला आणि मी सवयीनं मळ्यात राहायला आलो. पूर्वी चुलाणावर मोठ्या कढया चढायच्या. आता ट्रॅक्टरच्या मागून बॉयलर येतो, शिजवतो आणि दुसऱ्याच्या शेतात निघून जातो. वाफ मात्र तीच. ती वर जाते आणि विरते. मी खाटेवर बसून ती विरेपर्यंत बघतो, मग पुढची बघतो.

वाळायला पसरलेल्या हळदीची राखण हे माझ्या वयाच्या माणसाला देण्याजोगं काम. शेळ्या हाकलायच्या, आभाळ भरून आलं तर हाका मारायच्या. बाकी बसायचं.

या दिवसांत पिवळं नसलेलं काही दिसत नाही. बायकांच्या हातांच्या रेषा, धोतराचे काठ, चहाच्या कपाचा कान, पांढऱ्या शेळीचं पोट. रोज बघून डोळा सरावतो, आणि सरावलेल्या डोळ्याला दाखवलं तरी दिसत नाही. बाहेरगावच्या माणसाला दिसतं. एका वर्षी सुनेचा भाऊ पुण्याहून आला होता. अंगणात बघून म्हणाला, "तुमचं कुत्रं आजारी आहे का?" कुत्रं हळदीत लोळून आलं होतं. सगळे खूप हसले. मीही हसल्यासारखं केलं.

रेखा माझी पुतणी, धाकट्या भावाची, माधवची मुलगी. आईबाप दोघंही तिच्या लहानपणीच गेले, ती आमच्या घरात वाढली. गावातच दिली आहे. कळमनुरीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातल्या लेकरांना चंद्राच्या कला पुस्तकातल्या चित्रावरून कळेनात, म्हणून तिनं लांबचं जवळ आणणारा एक जुना कॅमेरा घेतला. पण संध्याकाळी तिला स्वयंपाक असतो, वह्या असतात. एक दिवस स्कूटीवरून मळ्यात आली आणि कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला.

"काका, तुमी तर हितं बसूनच राहिले. रोज एक चंद्र काढून ठेवा. मोबाइलवर घ्यायचा, उलीसा कापायचा, साफ करायचा, मला पाठवायचा."

"कापायचा?"

"क्रॉप, काका. शिकवते मी."

आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाला कापायला शिकवणार, म्हणून तिला गंमत वाटत होती. मला काही वाटलं नाही. काही न वाटण्याची मला आता सवय आहे.

पहिल्या दिवशीचा चंद्र म्हणजे काळ्या कापडावर सांडलेला चुना. रेखा म्हणाली, "हा तर शाळेतला बल्ब हाय." चूक मला लगेच कळली. कॅमेरा सगळं काळं आभाळ मोजतो आणि उजेड कमी पडेल म्हणून जास्तीचा घेतो. चंद्र आपल्याला अंधारात दिसत असला तरी तो स्वतः उन्हात असतो. भर उन्हात उभ्या माणसाचा काढावा तसाच त्याचा फोटो काढावा लागतो. उजेड कमी केला, कॅमेरा हळदीच्या पोत्यावर टेकवला, श्वास धरला. दुसऱ्या संध्याकाळी चंद्रावरचे डाग आले. एवढं मला येत होतं. येत नव्हतं ते बोटांचं काम.

मोबाइलच्या काचेवर एक चौकट येते. तिचे कोपरे बोटानं आत ओढायचे, हवं तेवढं ठेवायचं. मी कोपरा धरायला जायचो आणि चंद्रच सरकून चौकटीबाहेर जायचा.

"काका, बोट हाय का खुरपं?"

"तुझ्या लग्नाचा अल्बम ह्याच बोटांनी केला."

"म्हणून तर आमचे मामंजी अर्धेच आलेत त्याच्यात. अजून बोलून दाखवतेत ते."

हे खरं होतं. मामंजी कडेला उभे होते आणि मला पान भरायची घाई होती.

कोपरा धरता यायला लागल्यावर मी चंद्र अगदी काठोकाठ कापू लागलो. स्टुडिओत कागद वाया घालवायचा नाही, ही सवय. तिला ते आवडायचं नाही. "इतकं चिकटून न्हाई, काका. कोंडल्यावानी दिसून राहिला तो. कडंला आभाळ ठेवा." मी आभाळ ठेवायला शिकलो. किती ठेवायचं, हे मात्र ती सांगू शकली नाही. म्हणाली, बघत राहिलं की कळतं.

मग रंग. या दिवसांत आमच्याकडे मावळतीला उतरलेला चंद्र पिवळा असतो. पाऊस जाऊन महिने झालेले असतात, नांदेड रस्त्यावरचे ट्रक धुरळा उडवत जातात, त्यात पाला जाळल्याचा धूर. मी तसाच पिवळा चंद्र पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी ती आली आणि शेजारी बसली.

"हा रंग त्याचा न्हाई, काका. धुरळ्याचा हाय. ही पट्टी बघा, ही डावीकडं सरकवा."

सरकवली. पिवळेपणा उतरला. खाली राखाडी, खड्ड्याखड्ड्यांचा चंद्र राहिला. मी पट्टी पुन्हा उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे आणली. पुन्हा उजवीकडे.

"काय करून राहिले?"

"काही न्हाई," मी म्हणालो.

एखादा पिवळेपणा वरून बसलेला आहे की आतून आलेला, हे बघायला मला माधव गेला त्या वर्षी पट्टीची गरज नव्हती. डोळे होते. समोर माणूस होता.

माधव त्या वर्षी कढईवर होता. शिजवायचं काम तो अंगावर घ्यायचा, रात्र रात्र जाळ घालायचा. मग त्याला जेवण जाईना. पायांतला जोर गेला. आम्ही म्हणालो, धग लागली. नखं पिवळी, तळवे पिवळे, डोळे पिवळे. नखं आणि तळवे सगळ्यांचेच पिवळे होते. पण हळदीनं डोळ्यातलं पांढरं पिवळं होत नाही, हे जन्म हळदीत काढलेल्यांना कोणी सांगायला नको. तरी आम्ही त्याच्यासमोर बसून भाकरी खाल्ली, त्याच्या तोंडाकडे बघून बोललो, आणि कढई कधी उतरवायची ते ठरवलं. तो चुलाणापाशी कोसळला तेव्हा त्याला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

मी म्हणालो, "कालपासून."

कावीळ यकृतात उतरली होती. तो तिथंच गेला. आधी आणलं असतं तर वाचला असता का, हे डॉक्टर बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

घरी आल्यावर माझी माय माधवच्या बायकोला, कौशल्याला, म्हणाली, "दोन्ही टायमाला ताट वाढत व्हतीस. नवऱ्याचे डोळे दिसले न्हाई तुला?" कौशल्या भिंतीशी बसली होती. मी तिचा भाया, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात धाकटी भावजय भायाशी बोलत नाही, त्याच्यासमोर पदर तोंडावरून सरकू देत नाही. मी तिथं ओट्यावर बसलेला असताना ती काय बोलणार? बोलायचं मी होतं. तिला दिसलं होतं. तिनं ते सांगितलंही होतं, तो कोसळायच्या चांगले आठ दिवस आधी, आणि ऐकणारा मी होतो. मी तंबाखू मळत बसलो.

त्यानंतर मायचं ते बोलणं घरात राहायलाच आलं. बायकोला दिसलं नाही. पाहुण्यांत, भावकीत, तेरवीच्या पंगतीत, सगळीकडे तेच. तेरवी झाल्यावर कौशल्याचा भाऊ तिला माहेरी घेऊन गेला. दीड वर्षाची रेखा माझ्या मायनं ठेवून घेतली. आमचं लेकरू आमच्याजवळ, म्हणाली. कौशल्या दारात थोडा वेळ उभी होती. तिला परत आणायला कोणी गेलं नाही. काही वर्षांनी ती वारल्याचा निरोप आला. रेखा तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. तिला ज्यानं त्यानं तेच सांगितलं: तुझ्या मायला दिसलं नाही, आणि तुझी माय तुला टाकून गेली. दोन्ही खोटं. माझी माय जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण तिचं ते बोलणं अजून आहे. यंदा संक्रांतीला माझी सून तिच्या पोराला हीच गोष्ट सांगत होती, आणि मी बाजूला बसून तीळगूळ खात होतो. म्हणून हे लिहितो आहे.

बाळापूरच्या बाजारात माझा स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो सगळेच काढायचे, माझं नाव झालं ते हाराच्या फोटोंसाठी. माणूस गेला की घरचे एखादा जुना फोटो घेऊन येत. आपला एकट्याचा फोटो कोण काढून ठेवतं? जत्रेतला असायचा, नाहीतर जोडप्याचा. त्यातून गेलेला माणूस उचलायचा, मागं निळं आभाळ रंगवायचं, चौकट करून द्यायची. बरोबरचा माणूस जिवंत असेल तर त्याला त्यात ठेवत नाहीत. जित्या माणसावर हार चढू नये. कामाची रीत अशी की आधी जुन्या फोटोचाच फोटो घ्यायचा, आणि कापायची ती नवी प्रत. जुना जसाच्या तसा घरच्यांना परत. गावोगावच्या भिंतींवर माझी निळी आभाळं आहेत. कुणाचा मूळ फोटो मी कधी कापला नाही. एक सोडून.

पुनव दोन-तीन दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट. माझ्याकडून चंद्र फारच कापला गेला, एक बाजू गेली. आता पुन्हा उद्या काढतो, असं मी म्हणालो. रेखानं मोबाइल घेतला, एक बटण दाबलं. सगळं आभाळ परत आलं. कोपऱ्यातली लिंबाची फांदी, जी मी सगळ्यात आधी कापली होती, तीही आली.

"मूळ फोटो जातच नसतो, काका. आपण कापलं असं नुसतं दिसतं."

मी उठून माठापर्यंत गेलो. पेला हातात घेतला, परत ठेवला, येऊन खाटेवर बसलो. ती पुढचं काहीतरी सांगत होती.

होळीला मी सणापुरता घरी होतो, ती पुरणाची पोळी घेऊन आली. सणाला माधवच्या फोटोचा हार बदलतात. ती नेहमीसारखी स्टुलावर चढली, जुना हार काढला, काच पुसली, आणि नवा हार हातात घेऊन तशीच उभी राहिली. तो फोटो ती जन्मभर बघत आली होती. पण दोन आठवडे ती मला एकच गोष्ट शिकवत होती, काय मधात घ्यायचं आणि कडेला किती ठेवायचं.

"काका, बाबाचा फोटो इतका अरुंद काहून हाय?"

"जुनी चौकट हाय."

"न्हाई. बाबा मधात न्हाई, कडंला हाय. अन् हा हात. मनगटाच्या पुढं निळंच हाय. हात कशावर ठेवला बाबानं?"

मी खाली ठेवलेला जुना हार उचलला.

"बाजूला कोण व्हतं?"

"तुझी माय," मी म्हणालो. "खुर्चीवर बसलेली. खुर्चीच्या पाठीवर हात हाय त्याचा."

ती स्टुलावरून उतरली. "मायचा फोटोच नव्हता म्हणून सांगितलं मला."

"व्हय. मीच सांगितलं."

"मग मूळ फोटो कुठं हाय?"

"मूळच कापला."

"काहून?"

रोल संपला होता असं म्हणता आलं असतं. संपला नव्हता. हिंगोलीच्या एका स्टुडिओत लग्नानंतर काढलेला तो फोटो मी रीतीप्रमाणे टेबलावर ठेवला होता, वर कॅमेरा लावला होता. भिंगातून बघितलं तर ती सरळ माझ्याकडे बघत होती. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं असेल, हितं बघा. पदर डोक्यावर, तोंड उघडं. भावजय घरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि तिचा चेहरा मी नीट पहिल्यांदा बघत होतो. त्याच वेळी घरी माय तिला बोलत असणार, हे मला माहीत होतं. मी कॅमेरा बाजूला केला. पोलादी पट्टी ठेवली आणि पातं फिरवलं. तिचा अर्धा भाग कात्रणांच्या डब्यात पडला. कात्रणं संध्याकाळी हळदीच्या पाल्याबरोबर जळाली.

रेखाला मी एवढंच म्हणालो, "तिच्याकडं बघवलं न्हाई मला."

तिनं हार घातला. सारखा केला. मग माझ्याकडे पाठ असतानाच विचारलं, "दिसायला कशी व्हती?"

"कपाळ मोठं व्हतं. डाव्या भुवईत खंड व्हता, लहानपणी पडली असंल. तुझ्यावानी न्हाई. तू माधवावर गेलीस."

"अजून?"

"हसली नव्हती. त्या काळी हसू देत नव्हते."

ती न जेवता गेली. पोळ्यांचा डबा आमच्याकडेच राहिला.

पुनवेनंतर चंद्र उशिरा उगवतो, सकाळी मात्र पश्चिमेला बराच वेळ राहतो. मी सकाळचे चंद्र काढू लागलो. उजेडात तो फिका असतो, मळक्या कापडासारखा. कापायचो, आभाळ ठेवायचो, पाठवायचो. उत्तर म्हणून अंगठा यायचा. बोलणं नाही, खुरप्याची थट्टा नाही. हळद वाळत होती, मुठीत घेतली की खळखळ वाजू लागली होती. मला वाईट वाटत होतं का, असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला आहे हे नुसतं डोळ्यानं कळतं, तसं काहीतरी. माधव गेला त्या दिवसापासून ते तसंच आहे. मी त्याला दुःख समजत आलो. आता वाटतं, दुःख कौशल्याच्या वाट्याला गेलं. माझ्याकडे होतं ते लपवलेलं काहीतरी, आणि ते धरून धरून हात बधिर झाला.

रविवारी सकाळी रेखा आली. बायका अजून कामाला यायच्या होत्या. अर्धा चंद्र बांधावरच्या बाभळीवर होता. मी कॅमेरा पोत्यावर ठेवलेलाच होता, तिनं तो उचलून बाजूला ठेवला आणि पोत्यावर बसली.

"काका, बघवलं न्हाई म्हणले तुमी. आठ दिवस तेच डोक्यात हाय. काहून बघवलं न्हाई? ती तर तुमच्याशी बोलतबी नव्हती."

"एकदा बोलली."

ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे, माझ्याशी न्हाई. भायाशी कशी बोलणार? मी ओट्यावर बसून लग्नाचे फोटो कापून राहिलो व्हतो. ती दाराच्या आत येऊन उभी राहिली, तुला कडेवर घेऊन. अन् तुझ्याशी बोलली."

"माझ्याशी?"

"मला ऐकू यावं म्हणून. म्हणली, रेखा, काकाला सांग, बाबाचे डोळे पिवळे दिसून राहिले म्हणावं. दवाखान्यात न्या म्हणावं."

"मग?"

"मी मान वर केली न्हाई. मीबी तुलाच म्हणालो. तुझ्या मायला म्हणावं, हळदीच्या दिवसांत कोण पिवळं नसतंय?"

रेखानं हळदीचं एक कांडं उचललं. नखानं त्याची साल काढत राहिली.

"म्हणजे तिला दिसलं व्हतं."

"सगळ्यांच्या आधी."

"अन् आजी म्हणत व्हती तवा तुमी तिथंच."

"तिथंच."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल, आणि ते बरोबरच होतं. कांडं तिनं खाली ठेवलं.

"पुन्हा सांगा. ती काय म्हणली तेवढंच. तुमचं नको."

मी पुन्हा सांगितलं.

"रेखा म्हणली का रेखे?"

मी आठवलं. एवढ्या वर्षांत ते बोलणं मी कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं, पण ते झिजलंही नव्हतं. "रेखे म्हणली."

"आवाज कसा व्हता?"

"हळू. पण घाबरून न्हाई. तुला काही शिकवल्यावानी."

ती समोर पसरलेल्या हळदीकडे बघत होती. मग हळू, घाबरून नव्हे, म्हणाली, "काका, बाबाचे डोळे पिवळे दिसून राहिले. दवाखान्यात न्या म्हणली माय."

मी तिच्याकडे बघितलं. बघायला वेळ लागला, पण बघितलं.

"नेतो म्हणावं तिला," मी म्हणालो. "उद्या पहिल्या गाडीनं."

"सांगते," ती म्हणाली, आणि हळद उलटायला उठली.